आक्कांची विषयपत्रिका

इचलकरंजीत कापूस पिकत नाही. रेल्वेही गावात येत नाही, जवळचं स्टेशन म्हणजे हातकणंगले. तरी आमच्या गावात लाखाच्या घरात माग चालतात आणि त्यांवर जगणारी आमच्या घरातली माझी तिसरी पिढी. हे सगळं आपोआप घडलं असावं असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. आजोबांनी कष्ट केले, वडिलांनी कष्ट केले, म्हणून आपण इथवर आलो, एवढाच इतिहास घरात सांगितला जायचा. त्या कष्टांना जागा, पाणी, रस्ता कधीतरी कुणीतरी बसून ठरवून दिला होता, हे मला शिकवलं आमच्याच कारखान्यात कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या, भरणाऱ्या एका बाईंनी. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणायची.

आज मी लहान शहरांच्या नगरपालिकांच्या हिशेबांचं काम करतो. लोक विचारतात, या रुक्ष विषयाकडे कसे वळलात? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. खरं उत्तर लांबलचक आहे आणि ते आक्कांपाशी जातं, म्हणून एकदा लिहून टाकतो.

आजोबा रबकवी-बनहट्टीकडचे. तिथला हातमाग परवडेना म्हणून इकडे आले आणि दुसऱ्याच्या मागावर राबले. वडिलांच्या काळात स्वतःचे चार माग झाले, पण सूत आपलं नव्हतं. व्यापाऱ्याने सूत द्यायचं, आम्ही विणून कापड परत करायचं आणि पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरी घ्यायची. अशा मागवाल्याला आमच्याकडे खर्चीवाला म्हणतात. बाजार चढला की फायदा व्यापाऱ्याचा, पडला की मजुरी आमची कापली जायची. आक्का कांडी मशीनवर बसायच्या. त्यांचे यजमान दुसऱ्या कारखान्यात रातपाळीला असायचे. कांड्या मोजण्यात, मजुरीचा हिशेब ठेवण्यात आक्का कधी चुकल्याचं मला आठवत नाही. वडील पाटीवर लिहून ठेवायचे. आक्का काही लिहायच्या नाहीत, आणि शनिवारी दोघांचे आकडे जुळायचे. जुळले नाहीत तर वडील गुपचूप पाटी पुसून पुन्हा बेरीज करायचे.

१९९३ साली चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि नगरपालिकांत एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखीव झाल्या. पुढच्या एका निवडणुकीत आमचा वॉर्ड राखीव निघाला. पुढाऱ्यांच्या घरातल्या बायका होत्याच, पण पाण्याच्या नळावरून अख्ख्या गल्लीची बाजू घेऊन भांडणारी बाई एकच होती. आघाडी करणाऱ्या एका गटाने आक्कांना उभं केलं आणि त्या निवडून आल्या. मी तेव्हा कॉमर्सला होतो. घरी आलेल्या लोकांसमोर इंग्रजी शब्द टाकून बोलण्याची खोड मला नुकतीच लागली होती.

सभेच्या आठवडाभर आधी नगरपालिकेचा शिपाई विषयपत्रिका घरी आणून देतो. पहिली विषयपत्रिका घेऊन आक्का संध्याकाळी आमच्या दारात आल्या. म्हणाल्या, "तू कॉमर्सला हाईस न्हवं? मग वाच की ह्ये. मला आकडं कळत्यात, अक्षरं न्हाई कळत."

मी वाचून दाखवलं. उपकार करतोय अशा सुरात, भराभर. अमुक रस्त्याच्या खडीकरणाच्या निविदेस मंजुरी, तमुक जागेच्या भाडेपट्ट्याची मुदतवाढ, कनिष्ठ अभियंत्याच्या अहवालावर विचारविनिमय. शेवटी 'आयत्या वेळचे विषय'. आक्कांनी ते शब्द पुन्हा वाचायला लावले. आयत्या वेळी म्हणजे काय, ते इथे का लिहिलेले नाहीत, सभेत ते कोण आणणार? मी म्हणालो, किरकोळ असतात ते. आक्का म्हणाल्या, "किरकोळ असतं तर आधी लिवायला काय झालं हुतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर पुष्कळ गावांच्या सभांची इतिवृत्तं चाळली, तेव्हा समजलं की कुठल्याही नगरपालिकेचा कारभार समजून घ्यायचा तर इतिवृत्त मागच्या बाजूने वाचायला सुरुवात करावी.

हा आमचा दर महिन्याचा रिवाज झाला. मी वाचायचो, त्या ऐकायच्या, मध्येच थांबवायच्या. बागेचा ठराव आला की मी बागेच्या खर्चाचा आकडा वाचून पुढे जायचो. आक्का विचारायच्या, "बाग झाल्यावर झाडाला पाणी कोण घालणार? त्याचा पगार कुठनं?" मला वाटायचं, या बाईंना विकासच नकोय. कॉलेजात आम्हाला भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरक शिकवलेला होता आणि मी तो परीक्षेत नीट लिहिलाही होता. समोर बसलेली बाई नेमकं तेच विचारते आहे हे मात्र माझ्या ध्यानात येत नव्हतं.

अंदाजपत्रकाच्या वेळी तर गंमतच झाली. जाडजूड पुस्तक, रकानेच रकाने. पुढच्या वर्षी किती येणार, किती जाणार, शेवटी शिल्लक. मी शिल्लक वाचली आणि म्हणालो, "आक्का, शिलकी अंदाजपत्रक आहे, चांगलं आहे." त्यांनी पुस्तक आपल्याकडे ओढलं. अक्षरं येत नव्हती, पण रकाने दिसत होते. "ह्यो रकाना कशाचा?" पुढच्या वर्षीचा अंदाज. "आणि ह्यो?" मागच्या वर्षी प्रत्यक्ष जमा झालेलं. त्यांनी माझा हात धरून अंदाजाच्या रकान्यावर ठेवला. "ह्ये झाक. आलं किती तेवढंच सांग."

मी अंदाजाचा रकाना झाकून वाचत गेलो आणि वाचता वाचता माझा आवाज उतरत गेला. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत अंतर असतं हे मला माहीत होतं, पण ते किती असू शकतं, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही लहान शहराचं अंदाजपत्रक घ्या, हाच अनुभव येईल. येणाऱ्या पैशाचा आकडा फुगवला की कामं जास्त दाखवता येतात, सगळ्यांच्या वॉर्डात थोडं थोडं टाकता येतं, आणि वर 'शिलकी' असं लिहिता येतं. एवढं साधं गणित मी आजही नव्या मुलांना शिकवतो आणि आजही आधी रकाना झाकायला लावतो. हे कुठून शिकलात, असं अजून कुणी विचारलेलं नाही.

मग १९९९ साल आलं. राज्य सरकारने नगरपालिकांची जकात रद्द केली. आमच्या गल्लीत सगळे खूश. गावात येणाऱ्या मालावर नाक्यानाक्यावर पैसे भरायचे, ट्रक अडवायचे, पावत्या दाखवायच्या, हा जाच संपला. वडील खूश, व्यापारी खूश. कॉलेजात जकातीचे तोटे पाठ केले होते, त्यामुळे मीही खूश. आक्का तेवढ्या गप्प होत्या. त्या महिन्याची विषयपत्रिका बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "झाडूवाल्यांचा पगार आता कुठनं हुणार?"

मी सांगितलं, सरकार बदल्यात अनुदान देणार आहे. "कधी?" हप्त्याहप्त्याने. "जकात तर रोज येत हुती." मग जरा थांबून म्हणाल्या, "गावात माल जास्त आला की जकात जास्त यायची. आता गाव वाढलं तर सरकार जास्त दील व्हय?"

पुढे अनेक वर्षं मी जे काम करत आलो, त्याचा गाभा या दोन वाक्यांत होता. जकात वाईट कर होता हे आजही मी म्हणेन; नाक्यावरचा भ्रष्टाचार आणि वाया जाणारा वेळ मी स्वतः पाहिलाय. पण तिच्यामुळे गावाचा धंदा आणि गावाची तिजोरी एकमेकांना बांधलेली होती. माग वाढले की सूत जास्त येई, सूत जास्त आलं की नगरपालिकेचं उत्पन्न वाढे, त्यामुळे माग वाढावेत यात नगरपालिकेचाही स्वार्थ असे. जकात गेली आणि ही गाठ सुटली. अनुदान यायचं ते मुंबईहून, त्यातलं बरंचसं पगारात जायचं, आणि गावाने उद्योगासाठी काही केलं काय न केलं काय, आकडा त्यावर ठरायचा नाही. घरपट्टी वाढवून ही तूट भरता आली असती, पण घरपट्टी वाढवून पुन्हा निवडून कोण येणार? लहान शहरांच्या महानगरांकडे, राज्याकडे, केंद्राकडे लागलेल्या डोळ्यांची सुरुवात पुष्कळशी इथे आहे.

त्याच सुमारास आक्कांनी मला विचारलं की या गावात पहिला माग आणला कुणी आणि त्याला जागा दिली कुणी. "तू शिकल्याला, तुला म्हाईत आसंल." माहीत नव्हतं. जन्मापासून ज्या आवाजात झोपलो त्या आवाजाचा उगम मला माहीत नव्हता. मी आपटे वाचन मंदिरात जाऊन बसलो. सापडलं ते असं: १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग चालवला, आणि जहागीरदार श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी या धंद्याला आपलंसं केलं. नगरपालिका त्याच्याही आधीची, १८९३ सालची. पुढे लुगडी, मग धोतरं, पॉपलीन, असा प्रवास झाला. सूत मात्र बाहेरून यायचं, म्हणून साठच्या दशकाच्या सुरुवातीला दत्ताजीराव कदम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विणकरांची सहकारी सूतगिरणी काढली, ती डेक्कन. आणखी वीस वर्षांनी, १९८२ साली, कदमांच्याच नावाने कापडाचं तंत्र शिकवणारी संस्था निघाली आणि जहागीरदारांच्या राजवाड्यात वर्ग भरू लागले. माझे कितीतरी वर्गमित्र तिथून शिकून देशोदेशीच्या गिरण्यांत गेले.

आणखी मागे गेलो तर घोरपडे घराण्याची गोष्ट भेटली. मूळ पुरुष नारो महादेव जोशी. सेनापती संताजी घोरपड्यांनी त्यांना सांभाळलं, मोठं केलं, त्या उपकारांची आठवण म्हणून त्यांनी जोशी आडनाव सोडून घोरपडे लावलं. हे आक्कांना सांगितलं तेव्हा त्या कांडी भरता भरता थांबल्या. "आडनावच बदललं? मग लई मोठं देणं आसणार." आणि लगेच पुढे, "पर जहागीरदारांचं बरं हुतं. त्यांनी म्हटलं की झालं. आम्हाला हात वर करून मोजाय लागत्यात."

(आमच्या गावात १९७४ साली साहित्य संमेलन झालं, पु. ल. देशपांडे अध्यक्ष होते, हे गावातला कुणीही अभिमानाने सांगतो, मीही सांगतो. त्या वर्षी गावात कुठली गटार बांधली गेली ते कुणी विचारत नाही. आक्कांनी विचारलं असतं.)

हात वर करून मोजायची वेळ आक्कांवर एकदाच नीट आली. नगरपालिकेच्या निधीतला काही हिस्सा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. त्यातून बहुतेक गावांत शिलाई मशीनं वाटतात. मशीन वाटायला सोपं, फोटो चांगला येतो आणि मिळालेली बाई विसरत नाही. आक्का म्हणायच्या, कापडाच्या गावात प्रत्येकीला शिलाई मशीन देऊन शिवायचं काय आणि कुणासाठी? त्यांना बायकांची मुतारी पाहिजे होती, मागाच्या वस्तीत. आठ-आठ, दहा-दहा तास कांडीवर बसणाऱ्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नसते, हे त्यांना स्वतःवरून ठाऊक होतं. मी त्यांना भाषण लिहून दिलं. सक्षमीकरण, मूलभूत सुविधा, असे शब्द घालून. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, घडी घालून कमरेला खोचलं आणि सभेत त्यातला एक शब्दही उच्चारला नाही. "आम्ही पाणी पीत न्हाई. का पीत न्हाई ते गड्यांनी घरात जाऊन इचारावं," एवढंच बोलून खाली बसल्या, असं मला दुसऱ्या एका सदस्यांनी सांगितलं. ठराव मंजूर झाला. भाषण बाजूला ठेवल्याचा मला तेव्हा थोडा राग आला होता, तोही खरा.

पुढच्या निवडणुकीत आक्का नव्हत्या. राखीव जागा चक्राने फिरतात, आमचा वॉर्ड खुला झाला आणि खुल्या जागेवर बाईला तिकीट द्यायचं कुणाच्या मनात येईना. पाच वर्षांत जी बाई अंदाजपत्रक वाचायला शिकली तिला पुढची पाच वर्षं कांडीवर बसवणारी ही पद्धत मला अजूनही पटलेली नाही. आक्कांनी मात्र तक्रार केली नाही. सोमवारी सकाळी त्या आमच्या कारखान्यात हजर होत्या.

माझं सीए शेवटपर्यंत पूर्ण झालं नाही. पुन्हापुन्हा बसलो, पुन्हापुन्हा पडलो आणि एका लेखापरीक्षकांच्या हाताखाली लागलो. कमीपणा वाटायचा. २००५ नंतर केंद्राने लहान शहरांना योजनांचे पैसे देताना हिशेब दुहेरी नोंद पद्धतीने ठेवण्याची अट घातली, आणि आमच्या कार्यालयाकडे नगरपालिकांची कामं येऊ लागली. तोवर बहुतेक ठिकाणी एकेरी रोकडवही चालायची. रोख आली, रोख गेली, संपलं. नगरपालिकेच्या मालकीचं काय आहे आणि ती कुणाचं किती देणं लागते, हे त्या वहीत कुठेच दिसायचं नाही.

पहिल्या गावी मी वरिष्ठांबरोबर गेलो होतो. ते ताळेबंदाचे नमुने काढून बसले. मला सहज सुचलं म्हणून मी तिथल्या लेखापालांना विचारलं, गेल्या काही वर्षांत बांधलेल्या गोष्टी चालवायला दर महिन्याला किती खर्च येतो? त्यांनी एक रजिस्टर काढलं, मग दुसरं, मग पथदिव्यांच्या विजेची थकलेली बिलं, मग ठेकेदारांची अडकलेली देयकं. दिवसभरात त्या गावाचं जे देणं टेबलावर आलं, ते कुठल्याच अंदाजपत्रकात एकत्र मांडलेलं नव्हतं. वरिष्ठांनी मला शाबासकी दिली आणि पुढची कामं माझ्यावर सोपवली. माझा संसार त्यावर उभा राहिला. प्रश्न आक्कांचा होता हे मी तिथे कुणालाच सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

२०१२ साली गावात काविळीची मोठी साथ आली. माणसं गेली. आमच्या नदीच्या, पंचगंगेच्या पाण्याबद्दल तोवर आम्ही सगळे बोलत होतो, पण सवयीने. कापडाच्या प्रोसेसिंगचं रंगीत पाणी, गावांचं आणि शहरांचं सांडपाणी, सगळं त्याच नदीत. कृष्णेतून मजरेवाडीहून पाणी आणलेलं होतंच. मग वारणेतून आणायचं ठरलं, तर वारणाकाठच्या दानोळीकरांनी विरोध केला. नंतर दूधगंगेतून, सुळकूडहून, तर तिथल्यांनीही केला. गावात संताप होता. आमच्या गावाने एवढ्यांना रोजगार दिला आणि आम्हाला प्यायला पाणी नाही, अशी भाषणं झाली. मीही आक्कांपाशी जाऊन तोच सूर लावला.

आक्का तोवर थकल्या होत्या. म्हणाल्या, "त्यांचं पाणी त्यांना पायजेच की. आपण आपल्या नदीचं काय केलं त्ये आधी सांग. नळाचा ठराव आला तवा सगळ्यांनी हात वर केलं. सांडपाण्याचा ठराव आला की सभा तहकूब."

ज्या माग-सायझिंगांनी मला शिकवलं, वाढवलं, त्यांची किंमत नदीने मोजली, हे मी त्याआधी स्वतःशीसुद्धा नीट म्हटलं नव्हतं. आपल्या पोटाशी बांधलेल्या गोष्टीचा हिशेब मांडायला माणूस कचरतो. मागावर धागा तुटला की माग तिथेच थांबवायचा असतो, पुढे विणत गेलं तर तेवढं कापड वाया जातं. आक्कांचं म्हणणं, शहराला हे जमत नाही, कारण थांबवलं की मजुरी बुडते.

२०२२ साली इचलकरंजी महानगरपालिका झाली. लोकांनी निवडलेलं सभागृह काही लगेच आलं नाही, मधला काळ प्रशासकांचा गेला. मोठ्या महापालिकांना जकात गेल्यावर एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आली, ती गेल्यावर जीएसटीचा परतावा. आमचं गाव उशिरा महापालिका झालेलं, म्हणून हा परतावा आपल्याला किती आणि कसा, याची मागणी गावाला लावून धरावी लागली. १९९९ साली आक्कांनी विचारलेल्या प्रश्नाचंच हे पुढचं पान.

आता आक्कांना डोळ्यांनी कमी दिसतं, आकडेही वाचून दाखवावे लागतात. मी पेढ्यांचा पुडा घेऊन गेलो तर त्या तो नातवंडांकडे सरकवतात आणि कागद आणलेस का म्हणून विचारतात. एकदा धीर करून म्हटलं, "आक्का, मी तुमच्यामुळं शिकलो." त्या म्हणाल्या, "वाचत तू हुतास की." पुढे बोलणं नाही. नारो महादेवांना आडनाव तरी बदलता आलं. मला तेवढीही सोय नाही.

येत्या रविवारी जायचं आहे, नवं अंदाजपत्रक घेऊन. मालमत्ता कराची मागणी किती आणि वसुली किती, हे आधी काढून ठेवायला हवं. गेल्या खेपेला मी ते न बघताच गेलो आणि आक्कांनी पुस्तक मिटायला लावलं.